बुडबुडे थांबेपर्यंत

"ही कोरडी हाय, माय."

नरसिंग मिस्त्रीनं वीट तळहातावर एकदा तोलली आणि माझ्या सासूच्या पायाशी परत ठेवली. ठेवली म्हणते मी, फेकली नाही. बाकीचे मिस्त्री फेकायचे.

"कोरडी कशी आसंल? आत्ता बुडवून दिली की म्या," माझी सासू धुरपताबाई म्हणाली.

"बुडवली आसंल. पिली न्हाई. टाक बरं परत."

तिनं वीट हौदात सोडली. खरंच, विटेतून बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. दोघंही हौदावर वाकून बघत राहिले. हळूहळू बुडबुडे विरळ झाले आणि थांबले.

"आता पोट भरलं तिचं," नरसिंग म्हणाला. "आता काढ आन् सावलीत ठिव. अंगावरचं निथळलं की मंग दे. चिंब बी नको, सिमेंटच्या मालावरून घसरते."

"आन् कोरडीच दिली तर?"

"कोरडी वीट मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते. मंग मालाची निस्ती रेती. वरून बगितलं तर भिंत, आतून काईच न्हाई. एक लाथ घातली की खाली."

त्या दिवशी मी तिची भाकरी घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. आत्या, म्हणजे सासूला मी आत्याच म्हणायची, घरी आली तरी तिच्या डोक्यात तेच. चुलीपुढं बसून म्हणते कशी, "सरजे, वीट आन् लेकरू सारखंच बग. उपाशी ठिवलं की शेजारच्याचं हिसकून घेतंय." जन्मभर उन्हात खडी फोडलेली बाई, तिला म्हातारपणी पाण्याजवळचं काम मिळालं होतं. हौसेनं करायची. मला मात्र त्या भिंतीचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जायची. का, ते सांगते.

आमची वस्ती लातूरच्या कडेला, औशाच्या रस्त्याला. आम्ही बौद्ध. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बायका गावच्या विहिरीवर लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतणार, नाही आली तर तशाच परत. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. म्हणणाऱ्याला कधी दुसऱ्याच्या विहिरीवर ताटकळावं लागलं नसणार. आमच्या सासऱ्यांनी, व्यंकटीनं, तहान लागल्यावरच खणली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि दिवस कलला की वस्तीतल्या चार गड्यांना घेऊन पडीक रानात पहार चालवायची. पाणी लागलं त्या दिवशी सासऱ्यांनी पहिली घागर शेंदली आणि सगळ्यांसमोर आत्याच्या डोक्यावर ओतली. आत्या हे सांगायची तेव्हा अजून लाजायची.

सासरे पुढं काविळीनं गेले. विहीर राहिली. तिचा कागद कुणी केला नाही. जमीन सरकारी होती आणि आम्हाला पाणी हवं होतं, कागद नको होता.

मग लातूरचा जिल्हा झाला. हलगी वाजली, पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. आता साहेब लोक जवळ आले, आपलं गाऱ्हाणं लगेच ऐकतील, असं आमच्या माणसांना वाटलं. साहेब जवळच आले, अगदी आमच्या विहिरीवर! औशाच्या रस्त्यानं बंगल्यांची रांग उठली आणि एका मोठ्या साहेबाच्या बंगल्याच्या आवारात आमची विहीर गेली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. वस्तीतली माणसं नव्या कचेरीत गेली. तिथं सांगितलं, जुनं दप्तर उस्मानाबादला आहे. उस्मानाबादला गेली. तिथं सांगितलं, तुमचा जिल्हा आता लातूर. एस.टी.च्या धुळीनं भरलेली माणसं परत आली आणि पारावर टेकली.

त्यातच पुन्हा दुष्काळ पडला. दोन वर्षं पाऊस पाठ दाखवून गेला. शहरातल्या नळाला धड धार येईना, टँकर आमच्या वस्तीपर्यंत येता येता रिकामा व्हायचा. आमची विहीर मात्र टिकून होती. आणि त्याच चैतात साहेबांनी बागेला भिंत घालायला काढली.

ठेका पंचाक्षरीकडं होता. हा पंचाक्षरी कधी आवाज चढवायचा नाही. कपाळाला भस्म, अंगात परीटघडीचा सदरा, बोलणं लोण्यासारखं. त्यानंच वस्तीत येऊन विटा भिजवायला बाई मागितली आणि आत्या उठून उभी राहिली.

"आत्या, आपलीच विहीर कोंडायला आपणच जायचं?" मी विचारलं.

"कोंडायचं न्हाई. मागल्या अंगानं दार ठिवणार हायेत आपल्यासाठी. बाईसाबानं सबूद दिलाय. आन् दार खरंच ठिवतेत का न्हाई ते बगायला आपलं माणूस आत पायजे का नगं?"

तिचंही खोटं नव्हतं. साहेबाच्या बाईनं, नीलाबाईंनी, खरंच शब्द दिला होता. स्वतः व्हरांड्यात येऊन म्हणाल्या होत्या, "तुमच्या माणसांनी खणलेली विहीर आहे. पाण्याला कधी कुणी नाही म्हणतं का?" बोलल्या इतकं गोड, की वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले.

भिंत चढायला लागली. विहिरीवर मोटार बसवली होती, तिचं पाणी हौदात पडायचं आणि आत्या त्यात विटा सोडायची. सकाळी आम्ही घागरी घेऊन जायचो तेव्हा पाणी रोज थोडं खाली गेलेलं दिसायचं. दोराला गाठी मारून मारून माझे तळवे सोलले. विटा पोट भरून पीत होत्या आणि इथं माझी पोर दुपारी पाणी मागायची तेव्हा मी तिला अर्धी वाटी द्यायची. राग येणार नाही तर काय येईल?

"आत्या, विटा कोरड्याच देत जा की," मी एकदा म्हटलंच. "पडंल आपोआप."

"आन् मिस्त्रीचं नाव जाईल त्याचं?"

"मिस्त्री आपला कोण लागतोय?"

आत्या चिडली. "त्या कामावर एवढी माणसं हायेत. माझ्या तांब्यातलं पाणी कोण पितंय? तो एकटा पितोय. माठ लांब आसला की हाक मारतोय, 'माय, पाणी पाज.' बाकीचे माझी सावली पडली तर माठ झाकायलेत. आन् तू मला विचारायलीस, कोण लागतोय म्हणून!"

"आन् दार न्हाई ठिवलं तर?"

"सबूद दिलाय."

"त्या सबदाला माल लावलाय का?"

"तोंड लई चालायलंय तुझं. भाकरी टाक."

मी भाकरी टाकली. सासूपुढं अजून काय करणार? नवरा, मारोती, मुदखेडला रेल्वेच्या गँगमध्ये, महिन्यातून एकदा यायचा. घरात आम्ही दोघी बायका आणि पोर.

भिंत छातीएवढी झाली, मग डोक्याएवढी. मागच्या बाजूला मात्र दोन हातांची फट ठेवली होती. तिथं चौकट बसणार होती. आत्या रोज संध्याकाळी त्या फटीतूनच घरी यायची. मुद्दाम. येताना दोन्ही कडांना हात लावायची आणि मला म्हणायची, "बगितलंस?" मी बघायची. खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं, की आपण उगाच जळतो. जयंतीला दोनच दिवस होते आणि विहारापुढचे रांजण भरायचे होते. पोरींनी रांगोळी आणून ठेवली होती.

त्या दिवशी साहेबांकडं कुणी पाहुणे आले. बायका बागेत फिरल्या. आम्ही नेमक्या तेव्हाच घागरी घेऊन फटीतून आत गेलो. एका पाहुणीनं नाकाला पदर लावलेला मी बघितला. दुसऱ्या दिवशी पंचाक्षरी फटीजवळ आला आणि म्हणाला, "नरसिंग, ही बुजवून टाक."

आत्या तशीच ओल्या हातानं व्हरांड्यात गेली. मी फटीबाहेर घागर घेऊन उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"बाईसाब, दार ठिवणार व्हतात नव्हं?"

"अहो धुरपताबाई, मी ठेवणारच होते. पण माणसं आली की मागून शेळ्या येतात. गुलाब किती नाजूक असतात, तुम्हाला माहीतच आहे." आमच्या आत्याला गुलाब! "आणि पाणी लागलं तर मागा ना. पुढच्या फाटकातून यायचं आणि मागायचं. मी नाही म्हणेन का?"

आत्या परत आली. हौदापाशी बसली आणि विटा बुडवायला लागली. मी फटीतून बघत होते. वीट पाण्याला टेकवायची आणि लगेच बाहेर. नुसती वरून काळपट दिसेल इतकंच. एकही बुडबुडा वर येऊ देत नव्हती.

नरसिंगनं पहिली वीट हातात घेतली, तोलली आणि थांबला. "माय, ही वीट..."

"काय झालं विटेला?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग फटीतून माझ्याकडं, माझ्या रिकाम्या घागरीकडं. पंचाक्षरी पाच पावलांवर उभा होता.

"काई न्हाई," नरसिंग म्हणाला. "लई बेस भिजली. दे दुसरी."

फट बुजली. आमचं तोंड भिंतीच्या अलीकडं आणि पाणी पलीकडं. जयंतीला रांजण अर्धेच भरले, तेही टँकरच्या गढूळ पाण्यानं. भिंतीवर रोज पाणी मारायचं काम आत्याकडंच होतं. बाकी भिंतीवर ती बादल्या ओतायची, त्या तुकड्यापाशी आली की नुसता हात झटकायची. घरी आली की मला म्हणायची, "आजून थांब. मालाला वाळू दे." आमच्या दोघींचं एवढं पटलं नव्हतं कधी.

आठवडाभरानं एके दिवशी, तांबडं फुटताना, मी पदर खोचला आणि त्या तुकड्याला लाथ घातली. पहिल्या लाथेत चीर. दुसऱ्या लाथेत वरचे थर सरकले आणि सगळा तुकडा आतल्या बाजूला बसला. आवाजसुद्धा फार झाला नाही. माल पिठासारखा उडाला. मागं वस्तीतल्या बायका घागरी घेऊन तयारच होत्या. आम्ही शेंदलं, वाहिलं, परत शेंदलं. हसत होतो. एकमेकींच्या अंगावर उडवत होतो, दुष्काळात! घरी दारात पोरीला मी डोक्यावरून अंघोळ घातली. ती ओरडायला लागली तशी मला आणखी हसू आलं. बाजेवर बसलेली आत्या म्हणाली, "बास की आता, सांडू नगंस." पण तीही हसत होती.

ऊन वर आलं आणि पंचाक्षरीचं बोलावणं आलं. आत्यालाच नाही, सगळ्या बायकांना.

तो पडलेल्या विटांपाशी उभा होता. एक वीट उचलून त्यानं अंगठ्यानं पुसली. विटेला मालाचा कणही चिकटलेला नव्हता, भट्टीतून आताच काढल्यासारखी स्वच्छ. त्यानं ती नरसिंगला दाखवली.

"काय मिस्त्री, ही भिजवलेली वीट हाय?"

नरसिंगनं बोटानं विटेची कड चाचपली.

"तुमच्या हाताला समजलं न्हाई?"

"चूक झाली, मालक."

"चूक?" पंचाक्षरीनं वीट नीट खाली ठेवली, पायातली चप्पल काढली आणि नरसिंगच्या तोंडावर मारली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एक, मग दुसरी, मग तिसरी. नरसिंगची टोपी मालाच्या घमेल्यात पडली. व्हरांड्यात साहेब पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. नीलाबाई आत निघून गेल्या. त्यांना असलं बघवत नसेल. नरसिंगनं हात वर केला नाही की तोंड उघडलं नाही. त्यानं आत्याचं नाव घेतलं असतं तर तिथंच सुटला असता.

"म्या दिल्या कोरड्या," आत्या म्हणाली. "त्याला कामून मारायलाव? माझं काम हाय ते. मला मारा."

पंचाक्षरीनं चप्पल पायात घातली. "बायामाणसावर हात टाकत न्हाई मी, धुरपताबाई. पोलिसात बी देत न्हाई, साहेबाला कटकट नको. ज्यांनी पाडलं त्यांनीच उभं करायचं, एवढंच. ह्या विटा तुमी भिजवायच्या. हौदाला पाणी तुमच्या बायकांनी शेंदायचं, मोटार आज बंद हाय. आन् न्हाई जमत म्हणलात, तर नरसिंग चोरीचा माल इकत व्हता म्हणून ठाण्यात जाईल. मंग बगू."

आम्ही सगळ्या आत्याकडं बघायला लागलो. ती नरसिंगकडं बघत होती. तो घमेल्यातून टोपी काढून तिच्यावरचा माल बोटानं निपटत होता.

"सरजे," आत्या म्हणाली, "दोर घे."

मी दोर घेतला. माझ्या सासऱ्यानं खणलेल्या विहिरीतून मी पाणी शेंदलं आणि भिंतीसाठी हौदात ओतलं. एक घागर, दुसरी, तिसरी. वस्तीतल्या बायका रांगेनं घागरी हातोहात देत होत्या आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. मघाशी हसून हसून पोट दुखत होतं त्याच आम्ही.

"प्या की पाणी," पंचाक्षरी म्हणाला. "कोण न्हाई म्हणतंय?"

कुणी प्यायलं नाही. घशाला कोरड पडली होती, तरी नाही.

आत्या विटा सोडत होती. बुडबुडे वर येत होते. घागर ओतायला वाकले तशी मी तिच्या कानाशी बोलले, "आत्या, चार-दोन तरी कोरड्या जाऊ द्या. हळूच."

"न्हाई."

"आत्या..."

"पडली तर परत त्याला मारतेत, सरजे. आता नीटच भिजवायच्या."

नरसिंगचा ओठ फाटला होता. त्यानं आत्याचाच तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला. "माय, तू पी. सकाळपासून उन्हात बसून राहिली."

"मला नगं," आत्या म्हणाली. तिची नजर हौदातून हलली नाही. "आजून बुडबुडं यायलेत."

थांबले तेव्हाच तिनं पहिली वीट काढली. सावलीत ठेवली. निथळू दिली. मग उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं तोलली नाही, तशीच लावली. प्रत्येक विटेला तेवढाच वेळ. दुपार टळली तरी एकही वीट तिनं घाईनं काढली नाही. शेवटचा थर लागला तेव्हा आम्ही बागेतच होतो. आम्हाला पुढच्या फाटकातून बाहेर काढलं आणि कडी लावली.

नरसिंग त्याच संध्याकाळी हदगावकडं निघून गेला. परत लातुरात दिसला नाही. आत्याला मात्र आणखी आठवडाभर जावं लागलं, भिंतीवर पाणी मारायला. पंचाक्षरी खुर्ची टाकून समोर बसायचा. आम्ही बाहेरून ऐकायचो, पलीकडं बादली ओतल्याचा आवाज. थोड्या वेळानं विटांच्या सांध्यांतून ओल आमच्या बाजूला उतरायची. माझी पोर जाऊन तिथं गाल टेकवायची. तिला हाकलायचं माझ्या जिवावर यायचं.

मागायला आम्ही गेलो का? दोनदा गेलो. पहिल्यांदा बाईसाहेब झोपल्या होत्या. दुसऱ्यांदा कुत्रं सोडलेलं होतं. नंतर लांबच्या हापशावर जायला लागलो.

आणि पुढं ऐका. पुढच्या वर्षी पाऊस झाला, बंगल्याला नळ आला. विहिरीत लेकरू पडेल म्हणून साहेबांनी ती बुजवून टाकली. मुरूम टाकला, वर माती टाकली आणि हिरवळ लावली. ज्याच्यासाठी एवढं केलं, ते पाणीही कुणाला राहिलं नाही. भिंत राहिली.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरही हललं. सकाळी आमच्या घराची मातीची भिंत आडवी होती. आत्याला बाहेर बाजेवर बसवलं. म्हातारपणानं तिला तेव्हा दिसत नव्हतं. साहेबाच्या शेजारच्या बंगल्याचं कुंपण कोसळलं असं कुणी सांगितलं, तशी मी सगळं टाकून बंगल्यांच्या रांगेकडं पळाले. मेलेल्यांच्या बातम्या येत होत्या आणि मी पळत होते ती एक भिंत पडली का ते बघायला. कुणी काहीही म्हणो.

परत आले तर आत्यानं माझी पावलं ओळखली.

"पडली का गं?"

कोणती, ते विचारावं लागलं नाही. "न्हाई, आत्या."

"चीर?"

"चीर बी न्हाई."

आत्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "लई नीट भिजवल्या व्हत्या म्या," ती म्हणाली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपून मांडीवर घेतला. प्यायली नाही, त्यात बोटं बुडवून बसून राहिली.